स्वस्त गोळीवरचा आळ

डॉ. मुलाणींनी पाच रिपोर्ट माझ्या काउंटरवर एकाशेजारी एक मांडले. दुपारची ओपीडी नुकतीच संपली होती. मी शटर अर्धं ओढून जेवायला बसणार होते.

"गड्डम मॅडम, तुमची गोळी सुरू करून किती महिने झाले?"

"आठ."

"मग हे बघा."

मी बघितलं. पाचही रिपोर्ट व्हायरल लोडचे होते. एचआयव्हीच्या पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहेत, हे या टेस्टमध्ये मोजतात. औषध नीट चालू असेल तर विषाणू इतके कमी होतात की मशीनला ते सापडतच नाहीत. रिपोर्टवर 'नॉट डिटेक्टेड' असं येतं. आमच्या क्लिनिकला या दोन शब्दांपेक्षा गोड काही नाही. या पाच जणांचे मागच्या वर्षीचे रिपोर्ट तसेच होते. आता पाचही कागदांवर आकडे होते. तिघांचे लहान, दोघांचे चांगलेच मोठे.

डॉक्टर 'तुमची गोळी' म्हणाले ते मला लागलं. पण ते खरंच होतं. गोळी माझीच होती.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथे मी फार्मासिस्ट म्हणून एकोणीस वर्षं काम करते आहे. सर्दी-खोकला, बीपी, शुगर असं सगळं तिथे बघतात. आठवड्यातून दोन दिवस एचआयव्हीचं क्लिनिकही असतं, पण बाहेर तशी पाटी नाही. सरकारी केंद्रात ही औषधं फुकट मिळतात आणि आम्ही पेशंटला ते पहिल्याच दिवशी सांगतो. तरीही काही जण आमच्याकडेच येतात. केंद्राच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही भीती असते. आमच्या दारातून आत जाणारा माणूस खोकल्यासाठी आलाय की आणखी कशासाठी, हे कुणाला कळत नाही. पेशंट परवडेल ते देतो, बाकीचं ट्रस्ट घालतं.

या आजाराला आता रोज एकच गोळी लागते. एका गोळीत तीन औषधं असतात. आधी आम्ही एका नामांकित कंपनीची गोळी घ्यायचो. तीच तीन औषधं, त्याच मात्रेत, एक कमी माहितीची कंपनी जवळजवळ निम्म्या किमतीत देत होती. खरं तर दोन्ही गोळ्या जेनेरिकच. जेनेरिक म्हणजे मूळ शोध दुसऱ्याचा, पण औषध तेच. फरक इतकाच की एकीवर मोठं नाव छापलेलं होतं.

निम्मी किंमत बघून मी लगेच हुरळले नव्हते. कंपनीकडून सगळे कागद मागवले होते. त्यातला मुख्य कागद असा असतो: निरोगी माणसांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात, ठरावीक अंतराने रक्त काढतात आणि औषध किती प्रमाणात, किती वेगाने रक्तात उतरलं ते मोजतात. दोन्हीचे आलेख जुळले तरच गोळी पास. हिचे जुळत होते. फॅक्टरीची सर्टिफिकेटं होती. मी ट्रस्टच्या कमिटीपुढे उभी राहून सांगितलं होतं, "त्याच पैशात जवळजवळ दुप्पट माणसं बसतील." कमिटीने मान्य केलं. आम्ही नवे पेशंट घ्यायला लागलो.

आणि आता हे पाच रिपोर्ट.

"औषध खराब असतं तर सगळ्यांचेच आकडे वाढले असते ना, डॉक्टर?" मी विचारलं.

"बाकीच्यांच्या टेस्ट अजून झाल्यात कुठं? ह्या महिन्यात ड्यू असलेल्या बारा जणांचं रक्त पाठवलं. त्यातले पाच असे."

"आणि सात?"

"सात चांगले. पण बारात पाच म्हणजे कमी नाहीत, मॅडम."

मी डबा उघडलाच नाही त्या दिवशी.

दोन दिवसांनी बिराजदार अण्णांनी बोलावलं. अण्णा ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांचा टॉवेलचा मोठा कारखाना आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. वर्षानुवर्षं ट्रस्टचा अर्धा खर्च त्यांच्या खिशातून होतो. माणूस तोडून बोलत नाही, पण एकदा मनात घेतलं की हलत नाही.

"मॅडम, मला त्यातलं शास्त्र कळत नाही," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, स्वस्तातली गोळी आली आणि माणसं बिघडली की नाही?"

"एकापाठोपाठ झालं, अण्णा. एकामुळे दुसरं झालं का, ते अजून माहीत नाही."

"माझ्या घरात कुणी आजारी असतं तर मी अर्ध्या किमतीची गोळी आणली असती का? नसती आणली. मग ह्या लोकांनी काय पाप केलंय?"

प्रश्न वाईट मनाने विचारलेला नव्हता.

"माझ्या घरात असतं, तर मी हीच आणली असती," मी म्हटलं. "कागद बघूनच आणली असती."

अण्णांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "नियमाप्रमाणे आधी तीन महिने पेशंटना नीट समजावायचं, गोळ्या चुकतात का बघायचं आणि परत टेस्ट करायची. तरी आकडे उतरले नाहीत तर दुसऱ्या फळीची औषधं सुरू करावी लागतील."

दुसऱ्या फळीची औषधं म्हणजे पहिलं औषध हरलं की द्यायची औषधं. गोळ्या जास्त, त्रास जास्त, खर्च कितीतरी जास्त. आणि त्यानंतर हातात फारसं काही उरत नाही.

अण्णा म्हणाले, "ठीक आहे. गोळीची लॅबमध्ये तपासणी करून घ्या. पैसे मी देतो. पण तोवर नवीन पेशंट एकही घ्यायचा नाही. आणि तीन महिन्यांनी आकडे असेच राहिले, तर जुन्या कंपनीकडं परत जायचं. मग निम्मी माणसं सोडावी लागली तरी चालेल की. जेवढी सांभाळता येतील तेवढीच सांभाळायची."

'सोडावी लागली' हे त्यांनी सहज म्हटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यातले काही सरकारी केंद्रात जातील, हे खरं. पण काही कुठेच जाणार नाहीत, हे मला एकोणीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. शिवाय त्या वेळी अकरा जण क्लिनिकमध्ये नाव नोंदवून वाट बघत होते.

मी कामाला लागले.

आधी स्टॉक तपासला. बॅच नंबर, एक्स्पायरी, फार्मसीच्या थर्मामीटरची वही. सगळं बरोबर. मग पाच जणांना कुठल्या बॅचच्या बाटल्या गेल्या ते काढलं. त्याच बॅचच्या बाटल्या सात चांगल्या रिपोर्टवाल्यांनाही गेल्या होत्या. सीलबंद बाटल्या मी लॅबला पाठवून दिल्या.

नंतर वाटलं, उन्हाळ्याचा काही संबंध असेल. सोलापूरचा मे महिना आणि पत्र्याची खोली. आत गोळ्या ठेवल्या तर काय होत असेल. शिवाय बरेच पेशंट घरी गेल्यावर बाटलीचं लेबल फाडतात, किंवा गोळ्या दुसऱ्याच डब्यात ओततात. घरातल्या कुणी नाव वाचू नये म्हणून. बाटलीत दमटपणा शोषणारी छोटी पुडी असते, ती फेकून देतात. मी पाचही जणांना फोन करून विचारलं. तिघं डबा बदलत होते, दोघं नाही. मग चांगल्या रिपोर्टवाल्या सातांना विचारलं. त्यातलेही चौघं बदलत होते. म्हणजे ते कारण नव्हतं.

मग गोळ्या मोजल्या. पेशंट महिन्याला येतो तेव्हा उरलेल्या गोळ्या घेऊन येतो. किती दिल्या, किती दिवस झाले, किती उरल्या, यावरून किती चुकल्या ते कळतं. पाचही जणांचा हिशेब चोख होता.

"मोजणीच्या आदल्या दिवशी गोळ्या फेकून देणारे पण असतात," डॉक्टर म्हणाले.

"असतात. पण पाचही?"

त्यांनी खांदे उडवले. "मग औषधातच काहीतरी आहे, मॅडम. तुम्हाला ते बोलवत नाहीये, एवढंच."

घरी मी हे कुणाशी बोलले नाही. पण स्वयंपाक करताना हात थांबायचा. माझे वडील मागावर चादरी विणायचे. सूत स्वस्त घेतलं की ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तुटतो, असं ते म्हणायचे. वाटायचं, मीही तसंच केलंय का? थोड्या पैशांसाठी माणसांचा ताणा तोडलाय का?

तीन आठवड्यांनी लॅबचा रिपोर्ट आला. गोळीत औषध जेवढं लिहिलंय तेवढं होतं. पाण्यात ठरलेल्या वेळात विरघळत होतं. पास. मी तो अण्णांना नेऊन दाखवला.

त्यांनी तो वाचून परत माझ्याकडे सरकवला. "कागद पास झाला, मॅडम. माणसं कुठं झाली?"

मी रिपोर्ट फाइलमध्ये ठेवला आणि निघाले. पण जिना उतरताना एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. गोळी चांगली आहे. माणसं ती गिळतायत. तरी ती रक्तात पोचत नाहीये. म्हणजे तोंड आणि रक्त यांच्या मधेच कुठेतरी तिला कुणीतरी अडवतंय.

दुसऱ्या दिवशी मी पाचही जणांना निरोप दिला. पुढच्या वेळी येताना घरात जेवढ्या म्हणून गोळ्या, बाटल्या, पुड्या असतील, तेवढ्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा.

पहिली नरसम्मा आली. हे तिचं खरं नाव नाही. वय चाळिशीचं. टॉवेलच्या काठाला शिलाई मारायचं काम करते. नवरा याच आजाराने गेला. दीर-जावेच्या घरात एका खोलीत राहते. घरात कुणालाही तिच्या आजाराचं माहीत नाही. आम्ही दोघी तेलुगूतच बोलतो. इथे मराठीत लिहिते आहे.

तिने पिशवीतून एक स्टीलचा छोटा डबा काढला. झाकण उघडून माझ्यापुढे केला. आत आमच्या पांढऱ्या लांबट गोळ्या होत्या. आणि त्यांच्यात मिसळलेल्या लाल गोळ्या.

"ह्या लाल कसल्या?"

"रक्तवाढीच्या. कारखान्यात देतात आम्हा सगळ्या बायकांना. शिबिर झालं होतं ना, सगळ्यांचं रक्त कमी निघालं. तेव्हापासून शेठ देतात. फुकट."

"किती महिने झाले?"

"पाच झाले असतील."

"कधी घेतेस?"

"सकाळी उठल्या उठल्या. उपाशीपोटी घ्या असं शिबिरात सांगितलंय. म्हणजे रक्त चांगलं वाढतं म्हणे."

"आणि आपली गोळी?"

"तिच्याबरोबरच. दोन्ही एकदम."

मी पेन खाली ठेवलं.

"मागच्या महिन्यात मी तुला विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. तू नाही म्हणालीस."

"हे औषध कुठं आहे, मॅडम? ही ताकदीची गोळी आहे."

आमच्या गोळीतल्या तीन औषधांपैकी सगळ्यात जोरदार औषधाचं नाव डोल्युटेग्रॅविर. त्याला एक खोड आहे. लाल गोळीतलं लोह किंवा कॅल्शियम, मॅग्नेशियम असले धातू पोटात त्याच्यासोबत आले की ते त्यांना चिकटून बसतं. चिकटलं की आतड्यातून रक्तात उतरत नाही, तसंच बाहेर जातं. उपाशीपोटी हे जास्त होतं. मोठ्या नावाची महाग गोळी असती, तरी तिचंही हेच झालं असतं. हे मी कॉलेजनंतरच्या ट्रेनिंगमध्ये शिकले होते. माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये त्याचं पत्रकही होतं.

"उद्यापासून दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या," मी म्हटलं. "पांढरी सकाळी, लाल दुपारच्या जेवणानंतर."

नरसम्माचा चेहरा उतरला. तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा मांडीवर धरून बसली.

"काय झालं?"

"नऊ वर्षं मी आपली गोळी संडासात जाऊन घेत होते, मॅडम," ती म्हणाली. "जाऊ बघेल म्हणून. पाच महिने झाले, मी सगळ्यांच्या समोर घेते. चुलीपाशी उभी राहून. जाऊ विचारते कसली गोळी, तर मी सांगते रक्तवाढीची. तिलाही कारखान्यातून मिळते, ती पण माझ्याबरोबर घेते. डब्यात पांढरी दिसली तरी कुणी विचारत नाही. आता दोन वेळा केल्या की पांढरी परत वेगळी दिसणार."

मी तिला थांबायला सांगितलं आणि ड्रॉवरमधलं पत्रक काढून नीट वाचलं. घाईत वाचलेलं आणि गरज पडल्यावर वाचलेलं यात फरक असतो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: लोह किंवा कॅल्शियमची गोळी जेवणासोबत घेतली, तर दोन्ही एकत्र चालतात. पोटात अन्न असलं की औषध पुरेसं रक्तात उतरतं. अडचण फक्त उपाशीपोटी आहे.

मी पत्रक खाली ठेवलं. "नरसम्मा, सकाळी कामावर जाताना काय खातेस?"

"चहा. कधी त्यात पाव."

"उद्यापासून आधी भाकरी-भाजी पोटभर खायची. खाऊन झालं की लगेच दोन्ही गोळ्या एकदम. चुलीपाशीच. जावेसमोर."

"एकदम चालतील?"

"खाल्ल्यावर चालतील. उपाशी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डबा पिशवीत ठेवून म्हणाली, "भाकरी मी पहाटेच करते. खायला काय लागतं."

दोन दिवसांत आणखी तीन बायका येऊन गेल्या. एक दुसऱ्या कारखान्यात, दोघी तिसऱ्याच ठिकाणी. पण शिबिर तेच. आजूबाजूच्या कारखान्यांनी मिळून घेतलेलं. तिघींच्या पिशवीत लाल गोळ्या. तिघी उपाशीपोटी, एकत्र.

मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हे मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं."

"आणि आपण दोघांनीही विचारलं नाही."

"विचारलं होतं. पण 'औषध चालू आहे का' असं विचारलं."

ते जरा हसले. मग पाचवा रिपोर्ट उचलला. "हा शिवाप्पा. टेम्पो चालवतो. हा कुठं शिबिरात गेला होता? तुमचं गणित चौघींना लागू पडतं. ह्याला नाही. आणि ह्याचाच आकडा सगळ्यात मोठा आहे."

शिवाप्पा होटगीचा. त्याला मी फोन करून आधीच दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच: "म्या दुसरं काय बी घेत न्हाय, मॅडम." शेवटी शनिवारी तो स्वतः आला. पिशवी रिकामीच. फक्त आमची बाटली.

"घरात एवढंच आहे?"

"व्हय. दुसरं काय असणार?"

"रक्तवाढीची गोळी? कॅल्शियम? ताकदीचं टॉनिक?"

"न्हाय वो."

"गावठी औषध, भस्म, काही?"

"तसलं आपन घेत न्हाय."

मी कंटाळले होते. त्याचं गोळ्यांचं कार्ड भरत बसले. तेवढ्यात त्याने छातीवर मूठ दाबली, ढेकर दिली आणि शर्टाच्या खिशातून एक पट्टी काढली. त्यातली गुलाबी गोळी तोंडात टाकून तो कडाकडा चावायला लागला.

"शिवाप्पा, ते काय आहे?"

"ही व्हय? ही जळजळीची गोळी. गाडीवर बसून बसून लई आग पडती छातीत. हे औषध न्हाय, मॅडम. किराणा दुकानात बी मिळती की."

"दिवसाला किती खाता?"

"मोजतंय कोन. पाच, सा. सकाळी आपली गोळी घेतली की पोटात कसंतरी व्हतं, मग तिच्यावर लगेच एक टाकतो."

जळजळीच्या त्या गोळीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठासून भरलेलं असतं. तीच खोड, आणखी जोरात. मी पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि उठून सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर ठेवली.

"पाचवा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पट्टी उलटून मागचं बारीक छापलेलं वाचलं. "बोलवा त्याला आत," ते म्हणाले. आवाजात त्या दिवशी पहिल्यांदा उत्साह होता.

शिवाप्पाला जेवणाचा उपाय चालणार नव्हता. या गोळ्यांना जेवणाची सूट नाही. आमची गोळी सकाळी, आणि चावायची गोळी त्यानंतर निदान दोन तासांनी. आणि चावायची गोळी खाल्ल्यावर सहा तास आमची घ्यायची नाही. शिवाय डॉक्टरांनी त्याची जळजळ तपासली आणि ज्यात हे धातू नाहीत असं दुसरं औषध दिलं. तो म्हणाला, "दोन तास म्हंजे होटगीहून मार्केट यार्डात माल उतरवून हुईस्तोवर. ध्यानात ऱ्हाईल."

आता अण्णा राहिले होते. आणि हे सगळ्यात अवघड होतं.

लाल गोळ्या देण्यात त्यांचा पुढाकार होता. शिबिर त्यांच्याच कारखान्यात सुरू झालं होतं. चौघींपैकी एक तर त्यांच्याच शिलाई खात्यात होती. आणि आमच्या कामाचा पहिला नियम असा की पेशंट कोण, हे त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगायचं नाही. अध्यक्षालाही नाही. मालकाला तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, "आपण पेशंटना सांगितलंय, तेवढं बास. अण्णांना कशाला सांगायचं?"

"कारण कारखान्यात अशा आणखी असतील. ज्या आपल्याकडं येत नाहीत, सरकारी केंद्रात जातात. त्या कुणाला विचारणार?"

मग आम्ही दोघं गेलो.

मी अण्णांना सांगितलं की कारण सापडलंय. लोहाच्या गोळीने आणि जळजळीच्या गोळीने आमचं औषध अडतं. गोळीचा दोष नाही. महाग गोळी असती तरी हेच झालं असतं.

"लोहाची गोळी कोण देतंय त्यांना?" अण्णांनी विचारलं.

"बऱ्याच ठिकाणी देतात, अण्णा. माझी एक विनंती आहे. तुम्ही बायकांना ज्या गोळ्या देता, त्यांच्यासोबतच्या कागदावर 'उपाशीपोटी' लिहिलंय. ते बदलून 'पोटभर खाल्ल्यानंतर' करा. तसंही उपाशीपोटी बऱ्याच जणींना मळमळतं. खाल्ल्यानंतर घेतली तर थोडी कमी लागू पडेल, पण रोज घेतील तरी."

कारखान्याचा खडखडाट खिडकीतून येत होता.

"म्हणजे माझ्या कारखान्यातल्या—"

"मी तसं काही म्हटलेलं नाही, अण्णा."

"पण मी विचारलं तर?"

"तर मी सांगणार नाही. आणि तुम्ही मला कामावरून काढलं, तरी सांगणार नाही."

डॉक्टर मुलाणी खिडकीबाहेर बघत होते. तिथूनच म्हणाले, "मी पण नाही."

अण्णांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला आणि परत ठेवला. "मी चांगलं करायला गेलो होतो," ते म्हणाले.

"चांगलंच केलंत. बायकांचं रक्त वाढलंय. फक्त वेळ बदलायचीय."

त्यांनी बेल वाजवून मॅनेजरला बोलावलं. "त्या रक्ताच्या गोळ्या. उद्यापासून डब्याच्या सुट्टीत, जेवण झाल्यावर वाटायच्या. घरी न्यायच्या असतील त्यांनी खाऊन मगच घ्यायच्या. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही भाषांत मोठा कागद लावा. बाकीच्या शेठलोकांना मी फोन करतो."

मॅनेजरने विचारलं, "का म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"पोटाला त्रास होतो म्हणून सांगा," अण्णा म्हणाले. "खोटं नाही ते." मॅनेजर गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "नावं विचारणार नाही, मॅडम. पण तीन महिन्यांची अट आहे ती आहेच."

अट रास्त होती. गोळीवरचा आळ माझ्या बोलण्याने जाणार नव्हता. तो रक्तानेच जाणार होता.

तीन महिने मी दर आठवड्याला पाचही जणांना फोन केला. 'गोळी घेतली का' हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी विचारायचे, "आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" अशी उत्तरं यायची की थक्क व्हावं. एकीने माती खाण्याची सवय कबूल केली. तिला डॉक्टरांकडे पाठवलं. शिवाप्पाने सांगितलं की बायकोने गाडीतल्या जळजळीच्या गोळ्या काढून घेऊन तिथे शेंगदाणे ठेवलेत.

पुन्हा रक्त पाठवलं. आता हे रिपोर्ट फोनवरच येतात. मंगळवारी सकाळी मी शटर उघडत होते, तेव्हा फोन वाजला. पाच पीडीएफ. मी तशीच पायरीवर बसले आणि एकेक उघडला.

नॉट डिटेक्टेड.

नॉट डिटेक्टेड.

नॉट डिटेक्टेड.

नॉट डिटेक्टेड.

पाचवा शिवाप्पाचा. त्याच्यावर आकडा होता. पण चार आकडी संख्येची दोन आकडी झाली होती. डॉक्टर म्हणाले, "उतरतोय. पुढच्या वेळी बघा." पुढच्या वेळी तो आकडाही गेला.

नरसम्मा त्याच मंगळवारी दुपारी आली. मी तिला कागद दाखवला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "लेदा?" म्हणजे, नाहीये?

"लेदु," मी म्हटलं. नाहीये.

मग लगेच मी तिला नेहमीचं सांगितलं. आजार गेलेला नाही, दडून बसलाय, गोळी थांबली की परत येईल. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. तिने काउंटरवर माझा हात धरला आणि मागच्या रांगेतला खोकल्याचा पेशंट बघेल याचीही तिला पर्वा राहिली नाही.

संध्याकाळी मी आणि डॉक्टर अण्णांकडे गेलो. नावं झाकलेले दहा कागद नेले होते. आधीचे पाच, आताचे पाच. अण्णांनी चष्मा लावून प्रत्येक जोडी शेजारी ठेवली. बोट फिरवत बघितली.

"गोळी तीच?"

"तीच कंपनी, तीच गोळी."

"महागातली आणली असती तर?"

"तिच्यावरही हेच झालं असतं. फक्त निम्मी माणसं घरी गेली असती आणि उरलेल्या निम्म्यांचे आकडे तसेच राहिले असते."

अण्णांनी मान डोलावली. कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या ऑर्डरचा कागद माझ्या फाइलमध्ये होता, तो त्यांनी स्वतःच मागून घेतला आणि सही केली. मग म्हणाले, "ते अकरा जण थांबलेत म्हणत होतात ना?"

"आता चौदा झालेत."

"घ्या की मग. कशाची वाट बघताय?"

बाहेर आल्यावर डॉक्टर मुलाणींनी मला कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा पाजला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चहा पिताना ते म्हणाले, "गड्डम मॅडम, त्या दिवशी मी 'तुमची गोळी' म्हटलं होतं."

"हो."

"आता आपली म्हणूया."

मी हसले. पण मनात त्याच वेळी एक वेगळा हिशेब चालू होता. ती गोळी खरेदी करण्याआधी मी कंपनीला इतकी पत्रं लिहिली होती की त्यांचा माणूस माझा फोन उचलायला कंटाळला होता. कच्चा माल कुठून येतो, इथपर्यंत विचारलं होतं. पेशंटला मात्र दर महिन्याला एकच प्रश्न, तोही चुकीच्या शब्दांत. औषध स्वस्त घ्यावं की महाग, हे खरेदीच्या दिवशी एकदा ठरवलं की झालं. ते पोटात कशाच्या शेजारी जाऊन बसतं, हे दर महिन्याला विचारावं लागतं. आणि विचारताना 'औषध' हा शब्द वापरायचा नाही.